म्हापशाची कोंडी: रस्ता रुंद करण्याआधी त्याची कडा मोजा

प्रश्न असा आहे: उत्तर गोव्यातल्या म्हापशात पूर्वी शुक्रवारच्या बाजाराला रस्ते तुंबत, आता रोज संध्याकाळी तुंबतात. कोणी म्हणतो बाजाराजवळ बहुमजली पार्किंग बांधा, कोणी म्हणतो रस्ते एकेरी करा, कोणी चौकात सिग्नल मागतो. नागरिकांनी नेमके काय मागावे, आणि ते मान्य कसे करून घ्यावे?

थोडक्यात उत्तर: यातले काहीही आज मागू नका. आज एकच मागा. बाजारपेठेतल्या रस्त्यांच्या दोन्ही कडा कोण, किती वेळ, कशासाठी वापरतो याची मोजणी करा, ती लोकांना बरोबर घेऊन करा आणि आकडे जाहीर करा. पुढचे निर्णय त्या आकड्यांतून निघतात, आणि मोजणीला जे हजर होते तेच लोक पुढे त्या निर्णयाच्या मागे उभे राहतात. हे दोन्ही का, ते आता सविस्तर.

गोव्यातल्या शहरांत रस्त्याला लागून दुकान आणि दुकानाला लागून घर. रुंदीकरण करायचे तर कोणाचे तरी बाल्कांव (घरापुढचा बसायचा ओटा) पाडावे लागते. म्हणून कोंडीची चर्चा लगेच पूल आणि इमारतींकडे वळते. पण मोठा पूल कोंडी सोडवतोच असे नाही. रस्त्याची ताकद त्याच्या सर्वांत अरुंद जागी ठरते. मांडवीवर २०१९ मध्ये अटल सेतू खुला झाला, झुआरीवर २०२२ च्या अखेरीस नवा पूल सुरू झाला. पुलावरचा वेळ वाचला हे खरेच. मात्र पुलावरून उतरलेली गाडी शेवटी शहरातल्या जुन्याच गल्लीत शिरते, आणि तिथली रुंदी पुलामुळे हातभरही वाढत नाही.

ही रुंदी कुठे हरवते ते आकड्यांत पाहा. शहरी रस्ता तासाला किती वाहतूक पेलतो याचे माप इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवून दिले आहे. त्यासाठी सगळी वाहने कारच्या मापात मोजतात, त्या एककाला पीसीयू म्हणतात. कार १, दुचाकी ०.५ ते ०.७५, रिक्षा १.२ ते २, बस किंवा ट्रक २.२ ते ३.७. एकूण वाहतुकीत त्या वाहनाचे प्रमाण जास्त असेल तर वरचा आकडा धरायचा. दोन पदरांच्या, दुतर्फा रस्त्याच्या कडेला कोणी थांबत नसेल आणि आडवी ये-जा फारशी नसेल, तर तो तासाला १५०० पीसीयू घेतो. तोच रस्ता, कडेला गाड्या उभ्या, दुकानांची दारे रस्त्यावर उघडणारी, माणसे मधून ओलांडणारी अशा अवस्थेत ९०० घेतो. डांबर तेच, रुंदी तीच. चाळीस टक्के क्षमता कडेने खाल्ली.

चौकाच्या तोंडाशी हे अधिक तीव्र होते. चौकात शिरणारी बाजू ६ मीटर मोकळी असेल तर हिरव्या दिव्याच्या (किंवा पोलिसाने हात दिल्याच्या) एका तासात साधारण ३१५० पीसीयू बाहेर पडू शकतात. तिथे दोन मीटर जागा एखाद्या उभ्या गाडीने अडवली की उरलेल्या ४ मीटरमधून १९५० च्या आसपास. आता एक गृहस्थ कोपऱ्यावर गाडी लावतात, चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवतात, पाव-पोई आणि थोडी मासळी घेऊन दहा मिनिटांत परततात. त्या बाजूला एकूण वेळेच्या ४० टक्के वाट मिळते असे धरा. वरच्या दोन आकड्यांतला फरक १२००, त्याच्या ४० टक्के म्हणजे तासाला ४८०, दहा मिनिटांना ८०. चौक आधीच भरलेला असेल तर त्या एका गाडीमागे ८० कारइतकी वाहतूक अडकून राहते. एका रांगेत प्रत्येकी ६ मीटर धरली तर ती रांग अर्ध्या किलोमीटरच्या जवळ जाते. ते गृहस्थ केव्हाच घरी पोचतात, रांग मात्र पुढचा अर्धा तास रेंगाळते. म्हणून चौकापासून निदान २५ ते ३० मीटरपर्यंत दोन्ही बाजूंना कुठलेही वाहन थांबू न देणे हा सर्वांत स्वस्त उपाय. बाजारपेठेतल्या कोंडीचा मोठा भाग एवढ्यानेच हलका होतो.

सिग्नलविषयी इथेच सांगतो. सिग्नल चौकाची क्षमता वाढवत नाही, असलेली वाटून देतो. वेबस्टर या ब्रिटिश वाहतूक संशोधकाने १९५८ मध्ये दिलेले सूत्र आजही वापरात आहे: सिग्नलच्या एका फेरीत (सगळ्या बाजूंना एकदा वाट मिळेपर्यंत) वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करा, त्यात ५ मिळवा, आणि चौक किती भरलेला आहे ते प्रमाण १ मधून वजा करून येणाऱ्या संख्येने भागा. वाया जाणारा वेळ १२ सेकंद आणि चौक ७० टक्के भरलेला असेल तर फेरी सुमारे ७७ सेकंदांची. ९० टक्के भरला की २३० सेकंद, म्हणजे जवळपास चार मिनिटे. इतके कोणी थांबत नाही. दुचाकी फुटपाथवर चढते, पादचारी लाल दिव्यातच ओलांडतो. आधी चौकाचे तोंड मोकळे करा, मग मोजा, आणि तरीही गरज उरली तर सिग्नल बसवा.

आता मोजणी. हे काम बारा-पंधरा स्वयंसेवकांचे, यंत्रे लागत नाहीत. बाजाराचा रस्ता दोनशे मीटरच्या तुकड्यांत पाडा. प्रत्येक तुकड्याला दोन माणसे, एक डाव्या कडेला, एक उजव्या. दर अर्ध्या तासाने तुकड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचे आणि उभ्या असलेल्या प्रत्येक वाहनाच्या नंबरप्लेटचे फक्त शेवटचे चार आकडे लिहायचे. कागदावर उभे रकाने वेळांचे, आडव्या ओळी जागांच्या. शेजारी एक अक्षर: का कार, दु दुचाकी, टे टेम्पो, ब बस, भा भाड्याने दिलेले वाहन. भाड्याची गाडी काळ्या पाटीवरच्या पिवळ्या अक्षरांवरून लगेच ओळखू येते, त्यामुळे पर्यटकांचा वाटा किती याचा वाद आकड्यानेच मिटतो. पूर्ण नंबर लिहू नका, फोटो काढू नका. आपण कोणाला पकडायला आलेलो नाही हे दुकानदाराला पहिल्याच फेरीत कळले पाहिजे.

संध्याकाळी सगळे कागद एकत्र ठेवले की तीन गोष्टी हाती येतात. जागा किती वेळ भरलेल्या होत्या, एक वाहन सरासरी किती वेळ थांबले, आणि एका जागेवर दिवसभरात किती गिऱ्हाइके येऊन गेली. बहुतेक बाजारपेठांत अशा मोजणीतून एक गोष्ट निघते आणि ती ऐकायला कोणालाच आवडत नाही: दुकानासमोरची जागा गिऱ्हाइकापेक्षा दुकानाच्याच माणसांनी जास्त वेळ अडवलेली असते. सकाळी नऊला लावलेली स्कूटर रात्री आठला हलते. कारची एक जागा अर्ध्या तासाच्या गिऱ्हाइकांसाठी ठेवली तर दिवसभरात पंधरा-सोळा गाड्या येऊन जातात. मालकाची गाडी लागली तर एकच. हे बाहेरच्या सल्लागाराने सांगितले तर व्यापारी संघटना ते धुडकावून लावते. संघटनेच्याच दोन तरुणांनी स्वतःच्या हाताने लिहिले असेल तर धुडकावता येत नाही. लोकसहभागाचा खरा उपयोग हा आहे.

कडेच्या मोजणीबरोबर आणखी दोन मोजण्या हव्यात. एक, माणसांची. बाजाराकडे येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर पंधरा-पंधरा मिनिटे वाहने मोजा आणि त्यांत बसलेली माणसे अंदाजे मोजा. तीस माणसे एका बसमधून आली तर रस्त्यावर साधारण ३ पीसीयू येतात. तीच तीस माणसे दर गाडीत दीड या हिशेबाने कारने आली तर २० गाड्या, म्हणजे २० पीसीयू. चालत येणारे आणि डोक्यावर टोपली घेऊन बसमधून उतरणारे मोजायला विसरू नका. शुक्रवारी पेडणे, डिचोली आणि बार्देशच्या गावांतून भाजी, मिरची, केळी घेऊन येणाऱ्या बायका वाहनांच्या मोजणीत दिसतच नाहीत, आणि बाजार तर त्यांच्यामुळेच भरतो. दुसरी मोजणी वेळेची. करासवाडा ते गांधी चौक आणि तिथून बसस्थानक, हे अंतर एकाच वेळपट्टीत तीन वेळा बसने आणि तीन वेळा स्कूटरने करून मिनिटे लिहा. पुढे काय सुधारले आणि काय बिघडले ते याच मिनिटांवर ठरणार आहे.

दिवस नीट निवडा. एक शुक्रवार आणि एक मंगळवार किंवा बुधवार, सकाळी आठ ते एक, संध्याकाळी चार ते आठ. चवथीच्या आधीचा आठवडा टाळा, माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या) बाजाराने सगळे आकडे फुगतात. बोडगेश्वराच्या जत्रेचे दिवस, शाळांच्या सुट्ट्या आणि नाताळ ते नववर्ष हेही टाळा. डिसेंबरची मोजणी हवी असेल तर ती वेगळी करा, साध्या दिवसांत मिसळू नका. भर जुलैत केलेली मोजणीही फसवी असते. पर्यटक कमी असतात आणि पावसामुळे दुचाकीवाले कमी फिरतात.

मोजणी झाल्यावर कडेचे वाटप. क्रम ठरलेला असावा: आधी चालणारा, मग बस, मग मालाची चढ-उतार, मग दिव्यांगांची जागा, मग दुचाकी, मग थोडा वेळ थांबणारी कार. दिवसभर थांबणारे वाहन या यादीत नाही, त्याने बाजाराबाहेर जावे. पादचाऱ्याला निदान १.८ मीटर मोकळी वाट लागते आणि डोक्यावर २.२ मीटर उंची. मोकळी म्हणजे मधे वीजखांब, जाहिरातीचा फलक, दुकानाबाहेर मांडलेल्या बादल्या नाहीत. पावसात छत्री उघडली की एका माणसाला मीटरभर रुंदी लागते. गटारावरची लादी हलत असेल तर तो सरळ डांबरावर उतरतो, आणि उतरला की त्याने एक पदर व्यापलाच. गटारावरच्या लाद्या बसवणे हे वाहतुकीचे काम आहे, हे नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात दिसले पाहिजे.

कारची एक जागा साधारण २.५ बाय ५ मीटर. एका दुचाकीला साधारण १ बाय २ मीटर. म्हणजे एका कारच्या जागेत पाच-सहा दुचाकी मावतात, आणि गोव्यात दुचाकीच जास्त आहेत. अरुंद रस्त्यावर कार रस्त्याला समांतरच लावू द्या. तिरक्या पार्किंगमध्ये जागा जास्त निघतात म्हणून ते सगळ्यांना आवडते, पण निघताना गाडी उलटी रस्त्यात येते आणि प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंची वाहतूक थांबते.

दर किती ठेवावा? डोनाल्ड शूप या अर्थतज्ज्ञांचा नियम सोपा आहे: प्रत्येक तुकड्यावर कधीही एक-दोन जागा रिकाम्या दिसाव्यात, म्हणजे साधारण ८५ टक्के भरणा. सगळ्या जागा भरत असतील तर दर कमी आहे, अर्ध्या रिकाम्या असतील तर जास्त. पहिला अर्धा तास अगदी स्वस्त, मग दर अर्ध्या तासाला चढता. मंगळवारचा आणि शुक्रवारचा दर एकच का असावा? जागा शोधत गोल-गोल फिरणारी गाडीही रस्त्यावरची वाहतूकच असते, आणि रिकामी जागा लगेच दिसली की ती फेरी वाचते.

इथे हमखास बिघडते ती वसुली. पे-पार्किंगचा लिलाव सोपोसारखा (बाजारकरासारखा) केला जातो: ठेकेदाराने वर्षाची एकरकमी बोली भरायची आणि लोकांकडून जमेल तेवढे गोळा करायचे. असा ठेकेदार आखलेल्या रेषेबाहेर, दुसऱ्या रांगेत, चौकाच्या तोंडाशीही गाडी लावू देणार, कारण प्रत्येक पावती त्याची कमाई आहे. कंत्राट उलटे लिहा. वसुली थेट नगरपालिकेच्या खात्यात जावी. ठेकेदाराला सांभाळलेल्या जागांमागे ठरावीक मोबदला द्यावा, आणि रेषेबाहेर उभ्या दिसलेल्या प्रत्येक गाडीमागे कपात करावी. आणि जमलेल्या पैशांतला ठरलेला हिस्सा त्याच बाजाराच्या फुटपाथवर, दिव्यांवर, शौचालयावर खर्च करून महिन्याचा हिशेब बाजाराच्या दारावर लावा. दराला होणारा विरोध याने जितका निवतो तितका कुठल्याही भाषणाने निवत नाही.

मालाच्या गाड्यांना दुपारची वेळ द्यावी असे पटकन सुचते, कारण दुपारी एक ते साडेतीन आपल्याकडे दुकाने बंद असतात. कागदावर छान दिसते. पण दुकान बंद म्हणजे माल उतरवून घेणाराही घरी गेलेला असतो. सकाळी सात ते नऊ ही खात्रीची वेळ. दुपारची वेळ फक्त ज्यांचे वेगळे गोदाम आहे त्यांच्यासाठी ठेवा, आणि टेम्पोसाठी आखलेली जागा नऊनंतर दुचाकींना द्या.

बहुमजली पार्किंगची मागणी करणाऱ्यांनी एक हिशेब मांडून पाहावा. रॅम्प, वळण आणि खांब धरून छताखाली एका कारला सुमारे २८ चौरस मीटर लागतात, तळघरात ३२. दोनशे गाड्यांना साडेपाच-सहा हजार चौरस मीटर बांधकाम. तेही एकाच दाराने त्याच तुंबलेल्या रस्त्यावर उघडणार. शिवाय रस्त्यावर फुकट जागा मिळत असेल तर पैसे भरून तिसऱ्या मजल्यावर कोण जाणार? इमारत रिकामी आणि रस्ता भरलेला, असे दृश्य मग अनेक शहरांत दिसते. बांधायचेच असेल तर आधी कडेला दर लावा आणि मग महामार्गाच्या बाजूने गाव सुरू होते तिथे बांधा. पणजीचे बहुमजली पार्किंग पाटोवर बसस्थानकाजवळ आहे, कारण तिथून बस मिळते आणि गावात चालत जाता येते. शेते भरून पार्किंगची पटांगणे करणे मात्र नको. शेत गेले की पावसाचे पाणी बाजारात येते.

एकेरी रस्त्यांत तथ्य आहे. दोन दुतर्फा रस्ते जिथे छेदतात तिथे वाहने एकमेकांच्या वाटेत येण्याच्या २४ जागा असतात. एक रस्ता एकेरी केला तर ११, दोन्ही केले तर ६. पण त्यासाठी समांतर रस्त्यांची जोडी लागते, शंभर-दीडशे मीटरच्या आत. जोडी लांब असेल तर दुचाकीवाला उलटाच येणार, मग कितीही पोलीस उभे करा. बस जाताना एका रस्त्याने आणि येताना दुसऱ्या रस्त्याने जाते, म्हणून परतीचा थांबा कुठे ते म्हाताऱ्या माणसालाही कळेल असे फलक हवेत. आणि एकेरी रस्त्यावर वेग वाढतो, त्यामुळे शाळेसमोर उंचवट्याचे झेब्रा क्रॉसिंग त्याच दिवशी तयार हवे, नंतर नव्हे.

आता बस, कारण पार्किंगचा प्रश्न खरे तर तिथे सुरू होतो. दुकान रात्री आठला बंद होते आणि गावाकडची शेवटची बस त्याआधीच गेलेली असते. मग दुकानातला मुलगा सकाळीच स्कूटर घेऊन येतो आणि ती अकरा तास उभी राहते. असे चाळीस कामगार म्हणजे चाळीस मीटर कडा, सात-आठ कारची जागा. संध्याकाळी साडेआठला हळदोणे, अस्नोडा, शिवोली या वाटांवर एकेक बस खात्रीने सुटली तर त्यातले निम्मे तरी स्कूटर घरी ठेवतील. मोजणीच्या वेळी कामगारांना विचारायचा प्रश्न हाच: परतीची बस किती वाजता हवी?

खाजगी बस थांब्यावर का रेंगाळते? मालकाची कमाई तिकिटावर, चालक-वाहकाची बरीचशी दिवसाच्या गल्ल्यावर. मागून त्याच मार्गाची दुसरी बस येईपर्यंत तो थांबतो, ती दिसली की सुसाट सुटतो. दंड करून ही सवय जात नाही, कारण थांबण्यातला फायदा दंडापेक्षा मोठा असतो. बसला प्रवाशांऐवजी किलोमीटरवर पैसे दिले तर रेंगाळण्याचे कारणच उरत नाही. १९८० पासून चालत आलेल्या कदंब या सरकारी बस महामंडळामार्फत खाजगी बसगाड्या चालवण्याची ‘म्हजी बस’ योजना याच दिशेची आहे. म्हापशाला येणाऱ्या मार्गांवर ती किती लागू झाली, वेळापत्रक पाळले जाते का, हे नागरिकांनी विचारत राहिले पाहिजे. थांबाही चौकाआधी नको, चौक ओलांडल्यावर हवा, आणि बस पूर्ण कडेला लागेल एवढी, साधारण २५ ते ३० मीटर, मोकळी कडा हवी. जागा कमी असेल तर चालक बस तिरकी उभी करतो आणि मागची सगळी वाहतूक थांबते. बसस्थानकाच्या तोंडाशीच मोटारसायकल पायलटांना (दुचाकीवरून भाड्याने प्रवासी नेणाऱ्यांना) पाच-सहा जागा आखून द्या. सामान घेऊन उतरलेल्या माणसाचे शेवटचे एक किलोमीटर तेच सोडवतात.

प्रयोग करण्यासाठी कायद्यात सोय आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ खाली वाहतुकीवर निर्बंध घालता येतात, कलम ११६ खाली फलक लावता येतात, कलम ११७ खाली स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून पार्किंगच्या जागा ठरवता येतात. कलम ११५ मध्ये एक महत्त्वाची तरतूद आहे: निर्बंध एका महिन्यापेक्षा जास्त काळाचा नसेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करताना कायमचा बदल मागू नका. तीन-चार आठवड्यांचा प्रयोग मागा, शंकू आणि बॅरिकेडांवर, काँक्रीट न घालता. प्रत नगरपालिकेला, वाहतूक पोलिसांना आणि कलम २१५ खालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या. आधीचा एखादा आराखडा कपाटात पडून असेल तर माहिती अधिकारात मागा, उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

अर्जाला वजन येते ते लोकांच्या बैठकीतून. गोव्याला लोकसहभाग नवा नाही. प्रादेशिक आराखडा २०११ लोकांच्या विरोधामुळे २००७ मध्ये मागे घ्यावा लागला आणि पुढच्या २०२१ च्या आराखड्यासाठी गावोगावची मते मागवली गेली. पण शेवटी आलेल्या माणसाच्या हातात फक्त नकार उरतो. वाहतुकीत लोकांनी सुरुवातीलाच यायला हवे. लगतच्या गावांना ग्रामसभा आहे, म्हापसा नगरपालिका क्षेत्र आहे, तिथे ग्रामसभा नाही. म्हणून बैठक मुद्दाम भरवावी लागते, आणि व्यासपीठ-माईक लावून भरवली तर जो मोठ्याने बोलतो त्याचेच ऐकले जाते.

टेबलावर रस्त्याचा १:५०० चा नकाशा पसरा. दोनशे मीटरचा तुकडा ४० सेंटीमीटरचा होतो, पाचशे मीटरचा बाजार एक मीटर कागदावर मावतो. त्याच मापात कापलेले पुठ्ठ्याचे तुकडे ठेवा: पाच मीटरची कार म्हणजे एक सेंटीमीटर, बसथांबा सहा सेंटीमीटर. लोकांना म्हणा, मांडा. कारचे सहा तुकडे उचलल्याशिवाय थांबा बसत नाही हे मग कोणाला सांगावे लागत नाही, बोटांना कळते. व्यापारी, बसमालक, पायलट, टॅक्सीवाले, शाळा, इस्पितळ, व्हीलचेअर वापरणारे, वरच्या मजल्यावर राहणारे या सगळ्यांना एकाच वेळी बोलावून चालत नाही. मासळीवाल्या बाईला दुपारनंतर उसंत मिळते, दुकानदाराला एक ते तीन, बसचालकाला रात्री. तीन वेगळ्या बैठका घ्या, नकाशा तोच ठेवा. रस्त्यावरच्या विक्रेत्यांना हलवायचा विषय निघाला तर २०१४ च्या कायद्याप्रमाणे नगर विक्रेता समितीशिवाय तो ठरवता येत नाही, आणि त्या समितीत विक्रेत्यांचा वाटा किमान ४० टक्के असतो. प्रत्येक सूचनेपुढे “मान्य”, “अमान्य, कारण” असे लिहून तक्ता जाहीर करा. अमान्य झालेल्या माणसाला कारण मिळाले तर तो पुन्हा येतो.

एका गोष्टीपासून जपा. शेजाऱ्याचे फोटो काढून पाठवणे म्हणजे लोकसहभाग नव्हे. गोवा पोलिसांनी २०१७ मध्ये नियमभंगाचे पुरावे पाठवणाऱ्यांना गुण आणि बक्षिसे देणारी ट्रॅफिक सेंटिनल योजना सुरू केली आणि तिच्यावरून बरेच वाद झाले. जिथे सगळे एकमेकांना नावाने ओळखतात त्या गावात अशाने वैर वाढते, आणि जे लोक टेबलाभोवती एकत्र बसायला हवेत तेच दुरावतात. दंडाचे काम पोलिसांकडेच राहू द्या.

विरोध होईल, आणि प्रयोगाआधीच सर्वाधिक होईल. स्टॉकहोममध्ये शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावायचे ठरले तेव्हा बहुसंख्य लोक विरोधात होते. २००६ च्या जानेवारी ते जुलै प्रयोग झाला, शुल्काच्या सीमेवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली, आणि सप्टेंबरच्या सार्वमतात शहरातल्या निम्म्याहून थोड्या अधिक मतदारांनी होकार दिला. म्हापशाला शुल्काची गरज नाही. घेण्यासारखा आहे तो क्रम: आधी प्रयोग, त्याची मुदत जाहीर, मग मत.

प्रयोग सुरू होण्याआधीच यश-अपयशाच्या खुणा लिहून ठेवा. बसचा करासवाडा ते बसस्थानक वेळ, स्कूटरचा वेळ, एका जागेवर येऊन गेलेली वाहने, रस्ता ओलांडायला लागणारे सेकंद, आणि कोंडी शेजारच्या गल्ल्यांत सरकली का. शेवटची खूण विसरली जाते. बाजार मोकळा झाला आणि आंगोड किंवा खोर्लीच्या रहिवाशांच्या दारात गाड्या लागल्या, तर प्रयोग फसला असेच धरावे आणि आखणी बदलावी. पहिला आठवडा मोजू नका, त्यात लोक वाट चुकतात. दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात पूर्वीच्याच माणसांनी, त्याच वाराला, त्याच कागदावर पुन्हा मोजावे.

वेळापत्रकाचे म्हणाल तर पाऊस ओसरल्यावर, नोव्हेंबरच्या सुरुवातीला मोजणी. डिसेंबरात नकाशावरच्या बैठका. जानेवारीच्या मध्यानंतर, जत्रा आटोपली की, चार आठवड्यांचा प्रयोग. पट्टे कायमचे आखायचे तर मार्च-एप्रिलमध्ये, रस्ता कोरडा असताना. ओलसर डांबरावर थर्मोप्लास्टिक (पट्ट्यांचा गरम करून लावायचा रंग) नीट धरत नाही, मेअखेरीस घाईने मारलेले पट्टे पहिल्याच पावसाळ्यात उखडतात, आणि पट्टे दिसेनासे झाले की ऑगस्टपर्यंत गाड्या पुन्हा चौकाच्या तोंडाशी येऊन उभ्या राहतात.